गप्प केलेला अलार्म

आर्लिसचं डोकं सलग सहाव्या दिवशी दुखत होतं आणि तिच्या नवऱ्याकडे, डेलबर्टकडे, सहाही दिवस वेगवेगळं कारण तयार होतं. पहिल्या दिवशी बीटचा वास. दुसऱ्या दिवशी ट्रकचा धूर. मग जागरण, मग चष्म्याचा नंबर, मग कामाच्या यार्डावरची ती कडूजहर कॉफी. सहाव्या दिवशी काही सुचेना तेव्हा म्हणाला, वय झालं आपलं. ती त्रेसष्टची, तो पासष्टचा. आपल्याकडेही घराघरात हेच चालतं ना? बाईचं डोकं दुखलं की कारण सांगायला सगळे पुढे, बघायला कुणी नाही.

दोघं दर ऑक्टोबरला ट्रेलर, आपलं चाकांवरचं घर, गाडीमागे ओढत अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात यायची, साखर काढायच्या शुगर बीटच्या हंगामाला. शेतांतून ट्रक येत राहतात, यार्डावर बीटचे डोंगर लागतात, पाळी बारा तासांची. राहायला जत्रेचं मैदान, तिथे एका रांगेत वीसबावीस ट्रेलर. यंदा डेलबर्टला दिवसपाळी मिळाली आणि आर्लिसला रात्रपाळी. सकाळी ती यायची तेव्हा हा निघायचा. दारातच भेट. तिच्या हातातला रिकामा थर्मास हा घ्यायचा, याने गरम करून ठेवलेला हॉटडिश, म्हणजे खिमा-बटाट्याचा भाजलेला पदार्थ, ती खायची आणि झोपायची.

दिवसा झोप लागणं मुळात अवघड. त्यात ट्रेलरच्या हीटरचा पंखा असा किंचाळायचा की मेलेला उठून बसेल. डेलबर्टला बायकोची झोप मोडलेली बघवेना. हंगाम संपला की पंखा बदलू म्हणाला आणि हीटर बंदच करून टाकला. मग ऊब कशाने? गॅसची शेगडी होतीच की. तो जाताना एक बर्नर पेटवून ठेवायचा. छतात हवा जायची जाळी होती, तिथून गार वारा यायचा, म्हणून त्याने त्यात फोम कोंबून वरून चंदेरी टेप मारला. खिडक्यांच्या फटींनाही टेप. ट्रेलर आतून कसा डब्यासारखा बंद.

यात नवीन काही नव्हतं. थंडी उतरली की अख्खी रांग हेच करायची. टेपची गुंडाळी या दारातून त्या दारात फिरायची.

आणि मग अलार्म. गॅस गळला किंवा हवा बिघडली की बोंबलणारी ती डबी, जमिनीजवळ भिंतीत बसवलेली. हंगामाच्या दुसऱ्या दिवशी आर्लिस नुकती आडवी झालेली आणि डबी बोंबलायला लागली. त्या दिवशी डेलबर्ट काही विसरला म्हणून परत आला होता. त्याने शेगडी तपासली, गॅसचा वास येतो का बघितलं, वास नव्हता. म्हणजे डबीच खराब, असा हिशोब. डबीमागची तार ओढून काढली. शांत! आर्लिस झोपेतच "देव तुझं भलं करो" म्हणाली.

डेलबर्टच्या हातात कसब होतं, त्यामुळे रांगेत त्याला मान होता. कुणाचा पंप अडला, कुणाचं दार लागेना, की हाक डेलबर्टला. त्याने अलार्म गप्प केल्याचं कळलं तसे लोक यायला लागले. आमचाही बेकन तळलं की ओरडतो, कुत्रा डबीजवळ झोपला की आमचाही ओरडतो. डेलबर्ट पक्कड घेऊन गेला आणि आठ ट्रेलरमधल्या तारा काढून आला. बदल्यात कुणी कुकी दिल्या, कुणी मक्याचं सूप. आर्लिसला तेव्हा अभिमान वाटला होता.

त्याला दिसत नव्हतं असं नाही. शेगडीची ज्योत निळी असायची ती पिवळी झाली होती. त्याला वाटलं, बरी दिसते, शेकोटीसारखी. आर्लिसच्या किटलीचं बूड काळं व्हायला लागलं होतं. ती रोज घासायची, रोज काळं. दोघांनाही हे दिसत होतं आणि दोघांपैकी एकानेही विचारलं नाही की का. डोळे असून काय उपयोग मग?

सातव्या दिवशी पहाटे कडाक्याची थंडी पडली. बीट गोठलं. गोठलेलं बीट ढिगात गेलं तर अख्खा ढीग सडतो, म्हणून दिवसपाळी सुरूच झाली नाही. आर्लिस सकाळी परतली, खाल्लं नाही, मळमळतंय म्हणाली आणि झोपली. डेलबर्टने त्या दिवशी एकाऐवजी दोन बर्नर लावले. तिला थंडी वाजू नये म्हणून. मग रिकामा सिलिंडर पिकअपमध्ये टाकून तो मैदानाच्या फाटकाकडे गेला, गॅस भरायला.

फाटकाशी आयोन बाकनची टपरी. अडुसष्ट वर्षांची बाई, मैदानाची देखभाल तिच्याकडे, गॅस भरून देणंही तिच्याकडेच. कमी बोलायची, पण बोलली की टोचायची. डेलबर्टला बघून म्हणाली, "आठवड्यात तिसरा सिलिंडर. अख्खी गाय शिजवतोयस का रे?"

डेलबर्ट हसला. हीटरचा पंखा गेलाय, शेगडीवर भागवतोय, असं सांगितलं. आयोनने नळी जोडायला घेतलेली तशीच हातात राहिली. तिने आर्लिसची चौकशी केली. त्याने सांगितलं, डोकं धरलंय आठवडाभर, आज तर मळमळतंय, फ्लू असावा.

"कामावर असताना दुखतं का तिचं डोकं?"

डेलबर्टला आठवावं लागलं. आर्लिसच म्हणाली होती, यार्डावर गेलं की तासाभरात उतरतं. थंड हवेनं बरं वाटतं म्हणे.

"म्हणजे घरात दुखतं, बाहेर थांबतं. हा कुठला फ्लू, डेलबर्ट? दार बघून येतो आणि दार बघून जातो?" आयोनने नळी खाली ठेवली. "आत्ता कुठेय ती?"

"झोपलीय."

"शेगडी?"

"चालू आहे."

"अलार्म?"

सिलिंडर तिथेच सोडून डेलबर्ट पिकअपकडे धावला. आयोनला उत्तर मिळालं. ती टपरी उघडी टाकून पिकअपमध्ये चढली आणि चढता चढताच फोनवर रुग्णवाहिकेला पत्ता सांगायला लागली.

मैदान काही मोठं नव्हतं. दीड मिनिटाचा रस्ता. पण त्या दीड मिनिटात डेलबर्टला सातही दिवस दिसले. पिवळी ज्योत दिसली, काळी किटली दिसली, आणि तार ओढताना स्वतःचा हात दिसला.

दार उघडलं तर आत छान ऊब. वास कसलाच नाही. हेच तर भयानक होतं! घर नेहमीसारखं, पडदे नेहमीसारखे आणि पलंगावर आर्लिस गालांवर लाली घेऊन पडलेली, जणू गाढ झोपलीय. डेलबर्टने हाक मारली. हलवलं. पापणी हलेना. तो शेगडीकडे वळला तशी आयोनने त्याची कॉलर धरून मागे खेचलं.

"आधी माणूस! शेगडी मग!"

दोघांनी तिला चादरीसकट ओढत बाहेर आणलं आणि पायऱ्यांशी गवतावर ठेवलं. गवतावर दव गोठलेलं. आयोनने आपलं जाड जाकीट तिच्याखाली सरकवलं, कानाशी जाऊन ती तिचं नाव घेत राहिली, मोठ्याने, कुणाला रागावावं तसं. डेलबर्ट गुडघ्यांवर बसून होता. किती वेळ गेला त्याला सांगता येणार नाही. मग आर्लिस खोकली. ओकली. डोळे अर्धे उघडून तिने पहिली गोष्ट काय विचारली तर, माझी रात्रपाळी सुरू झाली का?

रुग्णवाहिकेने गावच्या हॉस्पिटलात नेल्यावर तिला तोंडावर मास्क लावून ऑक्सिजन दिला. डॉक्टरीण म्हणाली, अजून तासभर झोपल्या असत्या तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असते. एवढंच म्हणाली आणि गेली.

डेलबर्ट बाहेर बाकावर बसला. शेजारी आयोन. तो पुटपुटत होता, मी तिच्या झोपेसाठीच केलं, एकेक गोष्ट तिच्यासाठीच केली. तीस वर्षं ट्रेलरमध्ये राहतोय, कधी काही झालं नाही.

आयोनने त्याला थोपटलं वगैरे नाही. ती तशी नव्हतीच.

"तुझं प्रेम नाही असं कोण म्हणतंय? पण प्रेमाने हवा येत नाही आत. गॅस गळला तर नाकाला कळतो, त्यात मुद्दाम वास घातलेला असतो. पण कोंडलेल्या जागेत गॅस नीट जळला नाही की जे विष तयार होतं, त्याला वास नाही, रंग नाही. ते कळायला तुझ्याकडे एकच गोष्ट होती. ती ओरडली आणि तू तिचा गळा दाबलास. तुझ्या त्या हीटरचा धूर तरी बाहेर जातो. शेगडीचा कुठे जाणार होता? फोममधून?"

डेलबर्ट म्हणाला, "आठ ट्रेलर आहेत, आयोन. आठ जणांच्या तारा मी काढल्यात."

"मग बसलायस कशाला?"

तो आत जाऊन आर्लिसला भेटला. मास्क थोडा बाजूला करून ती म्हणाली, "तुला चांगलं फैलावर घेणार होते. पण सात दिवसांत पहिल्यांदा पलंगावर पडूनही डोकं दुखत नाहीये. जरा एवढं अनुभवू दे, मग बघते तुझ्याकडे." मग त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, तू जा. रांगेत अजून बायका झोपल्यात.

दुपारी डेलबर्ट पक्कड घेऊन परत त्याच आठ दारांत उभा राहिला. या वेळी कुणी कुकी दिल्या नाहीत. दर दारात तेच सांगायचं होतं: चूक माझी, तार मला परत जोडू द्या. पहिल्या दोघांनी जोडू दिली. आर्लिसचं ऐकून ते हादरलेच होते. पण डबी उलटी करून बघितली तर मागे छापलेली मुदत कधीच संपलेली. म्हणजे जोडूनही भरवसा नाही, नवी आणायलाच हवी. डेलबर्टने यादी करायला घेतली.

तिसऱ्या दारात थॅड क्विलन. अर्कान्सासचा, एकटा, सोबत एक जाडी कुत्री. त्याने दार अर्धंच उघडलं. आतून ऊब आली. मागे शेगडी पेटलेली दिसत होती.

"अरे डेलबर्ट, मागच्या आठवड्यात तूच म्हणालास ना, या डब्या नुसत्या कटकट करतात? आता बायको आजारी पडली तर लगेच पाद्री झालास होय?"

मागचा डेलबर्ट असता तर भांडला असता किंवा खजील होऊन निघून गेला असता. हा तिथेच उभा राहिला. म्हणाला, "हो, मीच म्हणालो होतो. आज सकाळी आर्लिसला मी हाका मारल्या आणि ती उठली नाही, थॅड. मला तुझ्या दारात येऊन तुला हाका मारायच्या नाहीत."

थॅडने दार सोडलं. डेलबर्टने तार जोडली. याच्या डबीची मुदत नशिबाने बाकी होती. छताचा फोम काढ आणि शेगडी बंद कर, असं त्याने दोनदा बजावलं, थॅड म्हणाला हो हो. आता हे 'हो हो' म्हणजे काय असतं ते तुम्हाला आम्हाला माहीत आहे.

डेलबर्ट सहाव्या ट्रेलरमध्ये होता तेव्हा रांगेत कर्कश आवाज सुरू झाला. सगळी दारं उघडली. थॅडच्या ट्रेलरचं दार धाडकन आपटलं आणि तो बाहेर आला, पायात नुसते मोजे, काखेत कुत्री. तो त्या डबीला इतक्या शिव्या घालत होता की कुत्रीसुद्धा गप्प झाली. डेलबर्ट धावत गेला तोवर थॅडच्या शिव्या संपल्या होत्या. दोघं गार वाऱ्यात उभे राहून तो आवाज ऐकत राहिले. मग थॅड म्हणाला, "मी आत्ता जरा पडणारच होतो, डेलबर्ट."

त्या संध्याकाळी रांगेतल्या छतांवर माणसं चढलेली होती आणि टेप टराटरा फाडत होती. दुसऱ्या दिवसापासून आयोनने टपरीवर नियम लावला: आधी अलार्मची मुदत दाखवा, मग गॅस. लोकांनी कुरकुर केली. केली तर केली! डेलबर्टने हीटरचा पंखा हंगाम संपायची वाट न बघता बदलला आणि मग शेजाऱ्यांचे दोन पंखे बदलले. आर्लिस तीन दिवसांनी परत आली. यार्डावर जायची परवानगी नव्हती, म्हणून दिवसभर ती खुर्ची टाकून दारात बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची, तुझी डबी चालू आहे ना? नाही म्हणणाऱ्याला ती पुढे जाऊ देत नव्हती.

तर मंडळी, ट्रेलर तुमच्याकडे नसेल, पण शेगडी आहे, गिझर आहे, थंडीत बंद केलेली खिडकी आहे. आपल्या माणसाला ऊब द्यायची तर हवा यायला वाट ठेवून द्या. ज्योत पिवळी झाली तर का झाली ते विचारा. एकाच खोलीत आलं की कुणाचं डोकं दुखत असेल तर त्याच्या वयाला दोष देऊ नका, खोली बघा. "इतकी वर्षं काही झालं नाही" हे वाक्य तोंडातून काढू नका. ज्यांना काही झालं ते हे सांगायला उरलेले नाहीत. आणि धोक्याची सूचना देणारी वस्तू असो की माणूस, कटकट वाटली म्हणून त्याचं तोंड बंद करू नका.

अलार्म वाजला की आधी सगळ्यांना घेऊन बाहेर या. त्याला शिव्या घालायच्या असतील तर बाहेर उभं राहून घाला.