पाच ओवाळण्यांचा श्वास

आमच्या बंगळुरातल्या राजाजीनगरच्या घरात संध्याकाळच्या पूजेला एक नियम आहे. आई देवाला निरांजनाने पाच वेळा ओवाळते आणि तेवढा वेळ थोरल्या मुलाने एका दमात शंख वाजवायचा. नियम कोणी केला ते माहीत नाही. त्याला खोकला नसावा.

थोरला म्हणजे माझा भाऊ, त्रिविक्रमअण्णा. बोम्मसंद्र्याला टॉर्चच्या कारखान्यात होता. पंच्याण्णव साली त्याने सिगारेट सोडली आणि कारखान्यातल्या टाकाऊ मालातून एक नळी बनवली. बल्बमधली तार, दोन सेल, आत ग्लिसरीन आणि लवंगेचं तेल. कळ दाबली की तार तापायची आणि अण्णाच्या तोंडातून ढग निघायचा.

"धूर नाही हा. वाफ आहे," अण्णा म्हणाला.

"वाफ चांगलीच," आई म्हणाली. आमच्याकडे सर्दी, डोकेदुखी आणि गणिताचा पेपर, तिन्हींवर वाफ देतात.

कावेरीवहिनीने विचारलं, "दहा वर्षांनी काय होतं याने?"

"दहा वर्षं होऊ देत, सांगतो."

दसऱ्याला शंख चौथ्या ओवाळणीतच अडखळला. आईचा हात जरा भरभर फिरायला लागला. संक्रांत येईतो हाताच्या वेगाने ज्योत आडवी पडायला लागली. उगादीला, म्हणजे पाडव्याला, तर निरांजनच विझलं.

"पंखा बंद कर रे," आई मला म्हणाली.

पंखा बंदच होता. मी उठून तो लावला आणि बंद केला.

मला पूजेत धड उभं राहवत नसे. पायाच्या अंगठ्याने ओवाळण्या मोजायचो, आणि खिशातली नळी चाचपायचो. हो, एक माझ्याकडेही होती. "तुझी फुफ्फुसं कोरी आहेत," अण्णा म्हणाला होता, "चाचणीला बरी."

मग एका शुक्रवारी वहिनीने आईच्या हातातलं ताट घेतलं. "अत्ते, आज स्वल्प मी ओवाळते," ती सासूला कानडी मिसळून म्हणाली.

ती सावकाश ओवाळायला लागली. अण्णाने शंख तोंडाला लावला. पहिली ओवाळणी झाली. दुसरी अर्ध्यावर आली आणि पेट्रोल संपलेल्या रिक्षासारखा आवाज करून शंख थांबला. वहिनीने हात तिथेच थांबवला, देवाच्या डाव्या कानापाशी.

"श्वास घ्या. देव कुठे जात नाही."

अण्णाने श्वास घेतला. आत बारीक शिट्टी वाजली. मग तो खोकत दाराची चौकट धरून उभा राहिला. त्याने शंख माझ्या हातात दिला.

मी बावीस वर्षांचा होतो. जोर लावून फुंकलं. अंगठा तीनवर गेला आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

वहिनी माझ्या खिशाकडे बघत होती. "किती महिने?"

"पाच."

आईने तळहात पुढे केला, प्रसादाला आपण करतो तसा. मी माझी नळी त्यावर ठेवली. अण्णाने जरा वेळ लावला, पण ठेवली.

"परत येईल ना गं दम?" त्याने वहिनीला विचारलं.

"दहा वर्षं होऊ देत, सांगते," ती म्हणाली आणि देवाच्या डाव्या कानापासून पुन्हा सावकाश ओवाळायला लागली. शंखाशिवाय. माझा अंगठा मोजतच राहिला.