भुताच्या तोंडची ओळख

तापाने फणफणलेल्या मंगलीने सगळ्या गावासमोर सोमारीचं नाव घेतलं, आणि नीलाबाई बसल्या जागी मागे सरल्या.

पोंभुर्ण्याच्या पुढच्या जंगलातल्या त्या गावात नीलाबाई सोमारीच्याच घरी राहत होत्या. चांद्याच्या मिशनने त्यांना येशूची गोष्ट वाचून दाखवायला धाडलं होतं. बाईंचा आवाज गोड, जीव मात्र सशाचा. कुत्रं भुंकलं तरी मागे सरणाऱ्या. एकट्या सोमारीने त्यांना आसरा दिला, आणि आज तिच्याच जिवावर बेतलं होतं.

लच्छूच्या अंगणात आजारी मंगलीपुढे पुजारी सुकलू सुपात तांदूळ घेऊन बसला होता. अंगातल्या भुताला कोणी धाडलं, ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, ही तिथली रीत. ज्याचं नाव निघे त्याला गाव सोडावं लागे, आणि कधीकधी तेवढ्यावर भागत नसे. मंगलीचा बाप लच्छू कुऱ्हाड घेऊनच उभा होता.

"ऐकलं ना समद्यांनी?" तो ओरडला. "सोमारीनंच करणी केली माह्या पोरीवर!"

"पोरगी तापात बरळून राह्यली, लच्छूभाऊ," नीलाबाई कशाबशा म्हणाल्या.

सुकलू शांतपणे त्यांच्याकडे वळला. "काल तुमीच तं वाचलं, बाई. येशूले पाहून भूत वरडलं, तू कोन हायेस मले मालूम हाय, तू देवाचा हायेस. मानसाईले नाई समजलं, भुताले समजलं. मंग भूत खरं बोलते का नाई?"

काल ही गोष्ट ऐकून सारं अंगण माना डोलवत होतं. भुताने ओळखला म्हणजे मोठाच असला पाहिजे, असं म्हणत होतं. त्या खुशीत बाईंनी तिथेच पुस्तक मिटलं. पुढचं वाचलं तर उगाच शंका निघतील, असं त्यांना वाटलं. कुठून ही दुर्बुद्धी सुचली कोण जाणे!

"पुढं आखीन हाय," त्या म्हणाल्या. "येशूनं त्याले दटावलं. चूप राह्य म्हनलं."

"खरं बोलत होतं, तरी?"

"तरी."

"काऊन?"

हे असं मिशनमध्ये त्यांनी कधी कोणाला विचारलंच नव्हतं. "त्याले भुताच्या तोंडची ओळख नोको होती, भाऊ. त्याचं काम पाहून लोकाईनं त्याले ओळखावं. ज्याले कोनी शिवत नव्हतं त्याले त्यानं हात लावला, ते पाहून."

"म्हंजे?" लच्छू गुरकावला.

"म्हंजे सोमारी कोन हाय ते भुताले नोको विचारू. तुले मालूम हाय. मंगलीची माय मेली तवा पोरीले दूध कोनं पाजलं?"

बायकांच्या नजरा सोमारीकडे वळल्या. नीलाबाईंना वाटलं, आता आपलीही धडगत नाही.

तेवढ्यात मंगली पुटपुटली, "पानी."

सोमारी कुडाला टेकून उभी होती. मागे जंगल मोकळं होतं, पळाली असती तर वाचली असती. तिने पाण्याचा तुंबा उचलला. पाणी पाजल्यावर पोरगी दगावली तर दुसरी साक्ष कोणी मागणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं आणि तिलाही. तरी ती लच्छूच्या कुऱ्हाडीजवळून गेली, मंगलीचं डोकं मांडीवर घेतलं आणि तुंबा तिच्या ओठांना लावला.

येशूला पाहून लोक घाबरले आणि हा आहे तरी कोण, असं एकमेकांना विचारू लागले, हे नीलाबाई दरवेळी भरभर वाचून टाकत. ज्याचं नाव घेऊन त्या गावोगाव हिंडत होत्या तो कोण, हे त्यांना आज सोमारीत दिसलं, आणि त्यांना त्याचीच भीती वाटली. हा आपल्यालाही असंच काहीतरी करायला लावणार.

मंगली सगळं पाणी प्यायली. ताप तसाच होता. लच्छूने सोमारीच्या मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं.

"आखीन पानी आना," तो म्हणाला.

पोरीचं डोकं मांडीवर, त्यामुळे सोमारीला उठता येईना. बाकी कोणी पुढे होईना. नीलाबाई उठल्या आणि तुंबा घ्यायला कुऱ्हाडीजवळून गेल्या.