पाठीमागे बसलेले आबा

मित्रांनो, संगणकाच्या पेटीत वर्षानुवर्षे धूळ खाल्लेले मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. पडद्यावर चित्रे काढणे एवढेच माझे काम. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या वेगाचे फार कौतुक झाले. मग नवी कार्डे आली आणि मला कोणी विचारेना. एक जुना गेम मात्र त्यांच्यावर चालेना, म्हणून मी राहिले.

त्या गेममध्ये बागेत बसणारा म्हातारा या घरातल्या आईने घडवला होता, हुबेहूब आपल्या वडिलांसारखा, म्हणजे आबांसारखा. पुढे वडील गेले, गेमची कंपनी बुडाली, मूळ फायली हरवल्या. मग आईची दृष्टीही गेली. आता लेकीला तो म्हातारा गेममधून काढून, थ्रीडी प्रिंटरवर त्याची मूर्ती छापून आईच्या हातात द्यायची होती. माझा पंखा खडखडत होता. लेकीचा मामा म्हणाला, "आज काय ते उरका. हे उद्या उठेल असं वाटत नाही."

गेम मला हुकूम धाडतो: लांबी-रुंदी-खोलीसकट हे बिंदू घे, त्यांचे त्रिकोण जोड, हा रंग लाव. त्या दिवशी वाटेत एक छोटा प्रोग्राम येऊन बसला. प्रत्येक हुकूम तो आधी उतरवून घेई आणि मगच मला देई. मी गोंधळले. चोर म्हणावा, तर माझे काहीच कमी होत नव्हते. आणि मी तर जन्मभर सपाट चित्रेच काढली. त्यातून हातात धरण्यासारखे काय निघणार?

"आई, झाड आलं, बाक आला, ते मेलं कबूतरसुद्धा आलं. आबाच नाहीत!"

"गेममध्ये तू तोंड कुठे केलंयस?"

"कारंज्याकडे."

"अगं वेडे, आबा तुझ्या पाठीमागे बसलेत. समोर नसेल ते गेम काढायला सांगतच नाही. वळ!"

"घ्या!" मामा म्हणाला. "डोळे आम्हाला, आणि दिसतंय हिला."

लेक वळली. आबांनी नेहमीसारखा हात हलवला, आणि नेमके तेव्हाचे हुकूम उतरले. लगेच पडदा काळा पडला. मी संपले होते. पण उतरवलेली फाइल बचावली.

आठवड्याने वीतभर पांढरी मूर्ती घरी आली. मी शेजारच्या टेबलावर उघडे पडले होते. आईने मूर्तीचे कान चाचपले. "कान मोठेच ठेवले होते मी. आबा चार दिवस बोलले नव्हते माझ्याशी." मग वर उचललेल्या पंजावर तिने बोट टेकवले आणि तिथेच ठेवले.

तो हात मी हजारो वेळा काढला होता. तो धरता येतो, हे मला ठाऊक नव्हते. अजूनही नीटसे उमगत नाही. एवढेच सांगते मित्रांनो, जुने यंत्र भंगारात टाकण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांना एकदा विचारा, "यात तुमचं कोणी राहिलंय का?"