मिठाचा नवस

माझी धाकटी बहीण वैजयंती उन्हाळा आला की पार बावरते. मागच्या मे महिन्यात आमचा प्रकाशदादा केळीच्या बागेत उन्हाची लू लागून गेला. पाणी पाणी करत गेला. तेव्हापासून वैजू लेकीच्या मागे बाटली घेऊन फिरते. लेक म्हणजे मृणाल, पंधरा वर्षांची, टेनिस खेळते.

त्यात बाईसाहेबांनी इच्छादेवीला नवस बोलला. मृणाल राज्याच्या संघात निवडली जाईपर्यंत मायलेकींनी मीठ सोडायचं. झालं! दोघी अळणी वरण-भात गिळू लागल्या. मी म्हटलं, "अगं, नवस तुझा ना? मग पोरीला कशाला छळतेस?"

"छळते कुठे, शोभाताई? पाणी भरपूर पाजते की," म्हणाली. घ्या! हिच्यापुढे कोण डोकं फोडणार?

निवडीचा सामना भर दुपारी होता. बुटातूनही तळपाय भाजत होते. खेळ जरा थांबला की वैजू कुंपणाच्या जाळीजवळ हजर. "पी. अजून पी." पोरगी निमूट पीत होती. तिचे कोच चंदन सर मीठ-साखरेचं पाणी घेऊन आले, तर वैजूने त्यांनाच अडवलं. "सर, नवस आहे तिचा. साधंच पाणी चालतं." सरांनी माझ्याकडे पाहिलं. देवीचं नाव निघालं की आमच्या घरात सगळ्यांची दातखीळ बसते.

दुसऱ्या सेटमध्ये मृणाल थांबली. डोकं ठणकतंय म्हणाली, मळमळतंय म्हणाली. तिची बोटं सुजलेली दिसत होती.

"लू लागली गं बाई, लू!" म्हणत वैजू धावली आणि नवी बाटली तिच्या तोंडाला लावली. पोरगी ओकली, तरी हिचं चालूच.

"वैजू, बस कर!" मी ओरडले. ऐकतंय कोण?

मृणालने सरांकडे पाहून विचारलं, "सर, माझी मॅच कधी आहे?"

हातात रॅकेट, अंगावर घाम, आणि हे विचारतेय! पुढच्या क्षणी ती कोसळली आणि तिला झटके येऊ लागले.

सरांच्या गाडीतून आम्ही दवाखाना गाठला. वैजू वाटभर देवीला हाका मारत होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मग खाण्यापिण्याचं विचारलं. वैजूने सगळं सांगितलं.

"ही लू नाही," डॉक्टर म्हणाले. "मीठ बंद, वर इतका घाम, आणि पाणी नुसतं साधं. रक्तातलं मीठ फार उतरलंय, मेंदूला सूज आहे. सलाइनमधून मीठ देतोय. आता तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. पुढचं आत्ताच सांगता येत नाही."

वैजू भिंतीला टेकून मटकन खाली बसली. मला तिला चार शिव्या हासडायच्या होत्या, पण जीभ उचलेना. दादाचा जीव तिच्याच मांडीवर गेला होता हो.

संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. मृणालच्या पापण्या हलल्या. वैजू वाकून म्हणाली, "मृणू, बाळा, मी आहे."

आवाज ऐकताच पोरीने मान फिरवली. ओठ घट्ट मिटून घेतले. मग डोळे न उघडताच पुटपुटली, "प्यायले मी, मम्मी. सच्ची प्यायले. आता नको ना."