अर्धं पाऊल

"'जो गायक नुसते ओठ हलवतो, त्यानं खुशाल घरी बसावं.' काय ठणकावून सांगितलंस गं बाई." कपडेपटाच्या मावशींनी वर्तमानपत्र माझ्यासमोर ठेवलं, टाचण्यांची डबी उचलली आणि त्या पुढच्या खोलीत गेल्या.

मी भुवया रंगवत होते. शेजारच्या खुर्चीत धाकटी बुटांच्या नाड्या बांधत होती. आमच्या कोरसमध्ये ती माझ्यानंतर तीन वर्षांनी आली, म्हणून पन्नाशी आली तरी ती धाकटीच.

मुलाखत खरं तर मुख्य गायिकेची होती. तिचा घसा बसला, म्हणून मॅनेजरनं मला पुढं केलं. सत्तावीस वर्षं मी ऑपेराच्या कोरसमध्ये दुसऱ्या रांगेत उभी आहे. मला कधी कुणी काही विचारलेलं नाही. पत्रकार बाई दोनदा "वा" म्हणाल्या आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. गाणं म्हणजे श्वासाचा प्रामाणिकपणा, म्हटलं. प्रेक्षक हजार असोत की दहा, त्यांना फसवायचं नाही, म्हटलं. त्यांची पेन्सिल भराभर चालत होती, आणि मग ते ओठांचं वाक्यही मीच बोलले.

खरी गोष्ट अशी की सहा वर्षं झाली, वरचा सूर मला लागत नाही. तिसऱ्या अंकाच्या शेवटी सगळा कोरस त्या सुरावर चढतो, तेव्हा मी नुसतं तोंड उघडते. धाकटी माझ्या डावीकडे असते. तो सूर आला की ती अर्धं पाऊल माझ्याकडे सरकते आणि दोघींच्या वाटचं गाते. तालमीत संगीत संचालक कान देऊन रांगेसमोरून फिरतात, तेही फसले. मी तिला कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही.

"अगं, हे पेपरवाले काहीही छापतात," मी म्हणाले.

"म्हणजे तू असं बोलली नाहीस?"

मी आरशाकडे वळून दुसरी भुवई रंगवायला घेतली.

"छान बोललीस ताई. आईनं तुझा फोटो कापून ठेवलाय. म्हणाली, बघ, कुणाच्या शेजारी उभी राहतेस."

तिनं टोमणा मारला असता तर सोसला असता. पण ती सरळ बोलत होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आज सरकू नकोस," मी म्हणाले.

"मग संचालकांना कळेल ना. पुढच्या हंगामाला घेतील का तुला?" तिनं माझ्याकडे पाठ केली. "चल, हूक लाव. वेळ झाली."

मी तिचे हूक लावायला घेतले. एक हूक दोनदा निसटला.

दुपारच्या प्रयोगाला थिएटर भरलेलं होतं. तिसरा अंक संपत आला, वाद्यं चढली, आणि तिची बाही माझ्या कोपराला लागली. आली होती, अर्धं पाऊल. इतक्या वर्षांत त्या क्षणी मी कधी तिच्याकडे पाहिलं नव्हतं; आज पाहिलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि कानामागून रंग ओघळत होता.

मी समोर पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

वाद्यवृंदासमोर काठी हलवणाऱ्या संचालकांची नजर रांगेवरून फिरत माझ्यापाशी आली आणि थांबली. मी मान खाली घातली नाही. शेजारी धाकटी गातच होती, अजून दोघींच्या वाटचं.