वरच्या खोऱ्याचा हिस्सा

"नियमबाई, वरच्या खोऱ्याचं आलंय एकदाचं. कुठं ठेवू?" शिपायानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता गठ्ठा तिच्या टेबलावर आदळला.

नियमबाई हे नाव तिला कचेरीनं ठेवलं होतं. तेवीस वर्षांनी आता ते तोंडावर घ्यायलाही कुणी बिचकत नसे. तिलाही राग येत नसे. खरं सांगायचं तर मनातून थोडं बरंच वाटे.

कारखाने एकामागून एक बंद पडत होते, माणसं घरी बसली होती, म्हणून सरकारनं मोठी रक्कम सोडली होती. रस्ते करा, पूल करा, दवाखाने बांधा, पण हातांना काम द्या. पाच विभागांत ती कशी वाटायची, याचा तक्ता नियोजन कचेरीत तिच्या टेबलावर तयार होत होता. जिथं बेकारी जास्त तिथं पैसा जास्त, असं पहिल्या परिपत्रकात होतं. आठवड्यानं दुसरं आलं: नव्वद दिवसांत सुरू होतील अशीच कामं घ्यावीत. पहिलं कुणी रद्द केलं नाही. ते फक्त दुसऱ्याच्या खाली गेलं.

तिनं गठ्ठा सोडला आणि तिचा हात थांबला. अक्षर दादाचं होतं.

वरच्या खोऱ्यात अभियंत्याची जागा सहा वर्षं रिकामी होती. त्यामुळं नदीवरच्या पुलाचा प्रस्ताव शाळेच्या मास्तरनं, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, स्वतः बसून केला होता. किती माणसं रोज होडीनं नदी ओलांडतात, किती दिवस होडी बंद असते, दवाखाना नदीच्या दुसऱ्या काठावर असल्यानं किती बाळंतिणी वाटेतच अडल्या, सगळं आखलेल्या रकान्यांत. कुठं खाडाखोड नाही. आई अजून तिथंच, त्याच्याजवळ राहत होती.

तिनं पानं मोजली, यादीशी ताडून पाहिली. एक कागद नव्हता. खांब जिथं उभे राहणार तिथल्या माती तपासणीचा अहवाल.

मुदत संपायला चार दिवस होते. त्रुटीपत्र टपालानं पाठवायचं, असा नियम होता, आणि वरच्या खोऱ्यात टपाल सहा दिवसांनी पोचे. फोन तिच्या उजव्या हाताशी होता. शाळेचा नंबर तिला पाठ होता.

पूर्वी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनानं मेहुण्याचं एक काम पुढं सरकवलं होतं. चौकशी झाली, नोकरी गेली. त्याची बायको कचेरीच्या पायरीवर बसून रडत होती आणि सगळे तिला वळसा घालून आत येत होते. आपल्या माणसाचं काम केलं, असं आपल्याला कुणी म्हणता कामा नये, ही गाठ तिनं तेव्हाच मारून घेतली होती. तिनं छापील त्रुटीपत्र पुढं ओढलं, रिकाम्या ओळीत 'अपूर्ण. माती तपासणी अहवाल जोडलेला नाही.' असं लिहिलं आणि टपालात टाकलं.

तिसऱ्या दिवशी शहराच्या प्रस्तावात एक दाखला कमी निघाला. साहेबांनी स्वतः फोन उचलला. "अहो, तुमचा एक कागद राहिलाय, माणूस पाठवा." तासाभरात माणूस आला, वर सगळ्यांना चहा सांगून गेला. त्या दिवशीही तिनं फोनकडं बघितलं. मग जेवायच्या सुट्टीची वेळ झाली.

बैठकीत साहेबांनी तक्त्यावरून पेन्सिल फिरवली. शहराला सगळ्यात मोठा वाटा, त्याच्या आजूबाजूच्या विभागांना उरलेलं. वरच्या खोऱ्यासमोर आडवी रेघ.

ती उभी राहिली. एवढ्या वर्षांत बैठकीत ती पहिल्यांदाच न विचारता बोलत होती. "साहेब, बेकारी सगळ्यात जास्त वरच्या खोऱ्यात आहे. पहिल्या परिपत्रकाप्रमाणं..."

"मान्य आहे ना," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता, दमलेला होता. "पण पैसा वेळेत खर्च झाला नाही तर परत जाईल, मग कुणालाच मिळणार नाही. कागद पुरे असलेल्यांनाच देणार ना आपण? आणि बाई, 'अपूर्ण' तुम्हीच तर लिहिलंय."

कुणीतरी हसलं. ती खाली बसली.

आठ-दहा दिवसांनी दादाचा फोन आला.

"चिमे, कागद मिळाला."

"हं."

"अक्षर ओळखलं मी. मीच तर गिरवून घेतलंय तुझ्याकडून." तो जरा हसला. "अगं, तो अहवाल शाळेच्या कपाटात होता. मागं कधी पाहणी झाली होती ना, तेव्हाचा. लागतो हेच माहीत नव्हतं. कळलं असतं तर रातोरात बस धरून आलो असतो."

"दादा, नियम..." एवढंच बाहेर आलं.

"असू दे गं. तुझी नोकरी आहे. थांब, आईला बोलायचंय."

आईनं नेहमीसारखं ओरडून विचारलं, "काय गं, जेवलीस का? आणि पुलाचं काय झालं? हा काही सांगत नाही नीट."

"पुढच्या वेळी होईल, आई."

"होईल की. मला कुठं घाई आहे?" आई म्हणाली. "मी काय पळत जाणार आहे त्याच्यावरून?"

शहरात कामं सुरू झाली, अगदी नव्वद दिवसांच्या आत. कचेरीसमोरचा पदपथ उखडायला घेतला. फरश्या चांगल्या धडधाकट होत्या. पहारीनं निघता निघेनात. एका सकाळी वाट अडली म्हणून ती थांबली, तर खणणाऱ्या मजुराची बोली तिला ओळखीची वाटली.

"कुठले तुम्ही?"

"वरच्या खोऱ्यातले, बाई. तीसेक जण आलोय. तिकडं काय काम आहे?" त्यानं फरशीवर हात फिरवला. "ह्या मीच बसवल्या होत्या, तीन वर्षांपूर्वी. बघा, हलली नाही एक. आता म्हणतात काढा. काढतो. आपल्याला काय, रोज मिळाल्याशी मतलब."

त्या दिवशी तिच्याकडून एका पत्रावर तारीख चुकीची पडली. शिपाई म्हणाला, "बाई, आज सूर्य कुठं उगवला?" तिनं कागद बदलला.

पुढं पावसाळ्यात नदी भरून चालली असताना दादाचा फोन आला. "आईला धाप लागलीये. होडी तीन दिवस बंद आहे. नर्स पलीकडं येऊन उभी आहे, पण करणार काय? तू ये."

दहा तासांची बस. उतरली तेव्हा सकाळ झाली होती. नदीच्या घाटावर नर्स पिशवी घेऊन दगडावर बसली होती. तिला पाहून नर्स उठली आणि पिशवी तिथंच दगडावर राहू दिली, तेव्हाच तिला कळलं.

"पहाटे गेल्या," नर्स म्हणाली. "तिकडून कापड हलवून खूण केली त्यांनी. औषध होतं हो माझ्याकडं. फार काही लागलं नसतं."

पाणी गढूळ होतं, रुंद होतं, आणि त्याचा आवाज भरून राहिला होता. पलीकडं माणसं जमली होती. त्यांच्यात पांढऱ्या सदऱ्यातला दादा तिनं ओळखला. केवढा वाकला होता. तिथल्या माणसांनी तिला पाहिलं असावं. काहीतरी बोलणं झालं आणि स्मशानाकडं नेण्याच्या वाटेवरून वळून चौघं जण आईला घेऊन पाण्याकाठी आले.

कडेवर येऊन ते थांबले. मग मागच्या दोघांनी तिरडीचे दांडे वर उचलले, पुढच्या दोघांनी खाली घेतले. लेकीला तोंड दिसावं म्हणून त्यांनी आईला तिच्याकडं कलतं धरलं. एकानं चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं. एवढ्या लांबून तिला काहीच दिसत नव्हतं. पांढरं काहीतरी, एवढंच. माणसांचे हात भरून आले असतील, तरी त्यांनी खाली केलं नाही. ती बघत आहे तोवर ते तसेच उभे राहिले.

दादानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडून काहीतरी सांगितलं. पुन्हा सांगितलं. पाण्याच्या आवाजात त्यातला एक शब्द तिच्यापर्यंत आला नाही.

ऐकू आल्यासारखी तिनं मान हलवली.