गाडीतला करपट वास

"हुंग," डेलिया म्हणाली. "नीट हुंग. आणि पुन्हा म्हणू नकोस की मला भास होतोय."

गॅरेजवाल्या एन्डाने बॉनेटखाली डोकं घातलं. शाळेत तो तिच्या मागच्या बाकावर बसायचा, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून तिची भीड त्याला कधी वाटली नव्हती.

"जळकं तेल."

"अरे, ते मी महिनाभर सांगतेय! तू गॅस्केट बदललंस, इंजिन धुऊन दिलंस. दोन दिवस बरे गेले की पुन्हा हे. काचा खाली करून हिंडते मी या पावसात. केसांनासुद्धा वास येतो माझ्या!"

"गळत असेल तर तेल कमी व्हायला हवं ना?" त्याने तेल मोजायची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून तिच्यासमोर धरली. "हे बघ. वरच्या खुणेच्याही वर. तू भरतेस का?"

"मी हात लावत नाही."

"मग डिझेल उतरत असेल तेलात." त्याने पट्टीचं टोक हुंगलं. "नाही, डिझेलही नाही. इंजिन उघडावं लागेल. आठवडाभर ठेव गाडी."

आठवडाभर! मेयो परगण्याच्या त्या किनाऱ्यावर एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, जेवण करून द्यायचं, ही डेलियाची नोकरी, आणि तिची पहिली अट म्हणजे स्वतःची गाडी. ऑफिसातली बाई मागे गोड आवाजात म्हणाली होती, "आणखी एकदा खाडा झाला, तर तुझी निम्मी घरं दुसरीला द्यावी लागतील, बरं का." निम्मी घरं म्हणजे निम्मा पगार.

"शुक्रवारी आणते," ती म्हणाली. "तोवर पुसून तरी दे."

गुरुवारी सकाळची दोन घरं झाली तरी गाडीत वास नव्हता. मग फेस्टी मोरनच्या घराकडची खाचखळग्यांची वाट सुरू झाली आणि तिचा जीव धास्तावला. वास यायचा तो नेहमी इथून परतताना. या धक्क्यांनीच काहीतरी ढिलं होत असणार.

फेस्टीने ऐंशी कधीच ओलांडली होती. आयुष्यभर त्याने डेअरीचा ट्रक चालवला. आता हात थरथरायचे, डोळ्यांत मोतीबिंदू होते, आणि अंगणापर्यंत जायलाही वॉकर लागायचा.

"अंडी काढून ठेवलीत. घेऊन जा."

"फेस्टी, दर वेळी तेच काय? आम्हाला काही घ्यायला बंदी आहे."

"चहा नको, अंडी नको. माझ्या दारातून माणूस रिकाम्या हाताने जातं. माझी आई असती तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं."

"मग नियम मी केलेत का?" डेलिया फटकन बोलली.

"बापरे. आज बाईसाहेब तापल्यात." त्याने वॉकर ओढला. "मी आपला कोंबड्या बघून येतो."

एरवी ती आधी मागच्या खोलीत त्याचं अंथरूण आवरायची. आज चिडचिडीत बटाटेच आधी सोलायला घेतले. मोरीवरच्या खिडकीतून अंगण दिसत होतं. किल्ली गाडीतच होती. त्या भागात गाडीला कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्यावर संशय घेणं.

गाडीचं बॉनेट वर होतं.

फेस्टी वाकून तेलाचा डबा ओतत होता. धार थरथरत इंजिनच्या तोंडाशी यायची, चुकायची आणि कडेने खाली तापलेल्या पाइपावर ओघळायची. तिथून बारीकसा धूर निघत होता. त्याला तो दिसत नव्हता.

डेलिया सुरी हातात घेऊनच दारापर्यंत गेली. महिनाभराचे हेलपाटे, गॅस्केट, ऑफिसातली ती बाई, सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात फेस्टीने पट्टी काढली, बाहीला पुसली, बुडवली आणि आभाळाकडे धरून अगदी डोळ्याजवळ नेली. टोपी त्याने उलटी फिरवून घातली होती. खूण काही त्याला दिसेना. मग त्याने अदमासाने आणखी थोडं तेल ओतलं.

ती परत मोरीशी आली आणि तिने नळ मोठा सोडला.

"कोंबड्या कशा आहेत?" तो आत आल्यावर तिने विचारलं.

"मजेत."

तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं. "फेस्टी, एन्डा म्हणतो, गाडीत तेल भरपूर झालंय. आणखी पडलं तर इंजिन जाईल. पण काच धुवायचं पाणी सारखं संपतं. त्याकडे कुणी बघितलं तर बरं होईल."

बटाट्यात लोणी कालवणारा त्याचा काटा थांबला.

"तेलावरून पाण्यावर आलो म्हणायचं."

"मला समोरचं दिसायला नको का?"

"निळं झाकण?"

"निळं."

"माहितीये मला," तो म्हणाला आणि खाऊ लागला.

शुक्रवारी एन्डाने जास्तीचं तेल काढून टाकलं. "कुणी भरलं गं एवढं?" या प्रश्नाला डेलियाने "तुला काय करायचंय?" एवढंच उत्तर दिलं.

पुढच्या खेपेला ती निघाली तेव्हा फेस्टी गाडीपाशीच उभा होता. एक बाही कोपरापर्यंत भिजलेली होती. पाऊस थांबला होता, काच स्वच्छ होती. तरी तिने काच धुवायच्या पाण्याची दांडी ओढली. दोन बारीक धारा उडाल्या, वायपर फिरले. फेस्टीने मान कलती करून ते पाहिलं, मग ट्रक रवाना करावा तशी बॉनेटवर दोनदा थाप मारली.

बाजूला व्हायला त्याला वेळ लागला. डेलिया इंजिन चालू ठेवून थांबली.